चित्रं गुंडाळून का पाठवली नाहीत

मुलांनो,

आबांची चित्रं गुंडाळून पाठव, आम्ही इथे फ्रेम करून घेऊ, असं तुम्ही मला आत्तापर्यंत तीनदा सांगितलंत. तिन्ही वेळा मी "बघते" म्हणाले आणि विषय जेवणावर नेला. गेल्या रविवारी थोरली म्हणाली, "आजी, तू नेहमी बघते म्हणतेस, मग बघत का नाहीस?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर व्हिडिओ कॉलवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचताना अडखळलात तर वडिलांकडून वाचून घ्या. त्यांना सांगा, मधलं काही गाळायचं नाही. त्यांना गाळायची सवय आहे.

आत्ताच लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. या चित्रांचं काय झालं ते नीट ठाऊक असलेली माणसं तीनच: मी, धुळ्याच्या अक्का आणि जळगावचे फ्रेमवाले भाऊ. तिघंही सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहोत, आणि तिघंही हकिकत वेगवेगळी सांगतो. ही माझी. माझ्या चुकाही तिच्यात घातल्या आहेत.

तुम्हाला ती चित्रं पेन्सिलची वाटतात. ती कोळशाची आहेत, आणि सगळा घोटाळा त्यातच आहे.

आबा धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. कोळशाच्या कांड्या दुकानात मिळत, पण त्या त्यांना कडक वाटत. म्हणून ते स्वतः कोळसा करायचे. त्यांचं गाव चोपड्याजवळ. तिथे कापूस वेचून झाला की शेतात वाळलेल्या काड्या उभ्या राहतात, त्यांना आपल्याकडे पऱ्हाट्या म्हणतात. लोक त्या चुलीत घालतात. आबा त्यातल्या बोटाएवढ्या सरळ काड्या निवडायचे, साल सोलायचे, तुपाच्या रिकाम्या डब्यात उभ्या ठासून भरायचे, झाकण मातीने लिंपायचे, झाकणाला एक भोक ठेवायचे आणि डबा अंगणात विस्तवावर चढवायचे. भोकातून धूर यायचा थांबला की डबा उतरवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचा नाही. हा नियम त्यांनीच केलेला आणि घाईत त्यांनीच अनेकदा मोडलेला. गरम डबा उघडला की आत वारा शिरून सगळ्या कांड्या पेट घेत आणि आठवडाभराच्या मेहनतीची राख होई. 

हा पऱ्हाटीचा कोळसा फार मऊ. कागदावर ओढला की मखमलीसारखा काळा उठतो, पण तो कागदाला धरून राहत नाही. नुसता वर बसलेला असतो. फुंकर मारली तरी उडतो. तो बसवायला फवारा मिळतो, पण आबा तो मारायचे नाहीत. "फवाऱ्याने काळा मरतो, करडा होतो," म्हणायचे. मी म्हणायचे, "आणि न मारल्याने माझ्या भिंती मरतात." दिव्यांची बटणं, बादलीची कडी, दाराची चौकट, सगळीकडे त्यांच्या बोटांचे ठसे. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायचे, पांढऱ्या काठाच्या साड्या नेसायचे. आमची भांडणं बहुतेक याच विषयावर झाली. त्यांनी एकही चित्र कधी फ्रेम केलं नाही. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून कपाटावर ठेवायचे. मी विचारलं की म्हणायचे, "करू सावकाश." ते सावकाश कधी आलं नाही. आम्ही निवृत्त झालो, जळगावला तुमच्या वडिलांजवळ राहायला आलो, तुमचे वडील परदेशी गेले आणि आबाही गेले. चित्रं कपाटावरच होती. सव्वीस.

मी पसारा ठेवणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आबा गेल्यावर महिन्याभरात मी सगळी चित्रं खाली काढली. मोठ्या आकाराच्या, पारदर्शक प्लॅस्टिकचे खिसे असलेल्या फाइली मागवल्या. एकेका खिशात एकेक चित्र घातलं, खाली चिठ्ठी लावली: विहीर, चोपडा. निंबाचं झाड. केळीची बाग, पाठीमागे सातपुडा. यादी केली, यादीची प्रत केली, डांबरगोळ्या ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत आबांना न जमलेलं काम मी एका दुपारी करून टाकलं, असं मनात आलं होतं. ते आता लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

जळगावचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी तुम्ही एप्रिलमध्ये आलात आणि चार दिवस कुलरसमोरून हलला नाहीत. तो उन्हाळा सरल्यावर मी फाइल उघडली आणि विहिरीचं चित्र बाहेर ओढलं. कागद बाहेर आला, विहीर अर्धी आतच राहिली. प्लॅस्टिकला चिकटून. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ तुम्ही खेळला असाल. प्लॅस्टिकने तेच केलं होतं. मी चित्र परत आत सरकवलं, तर ते आणखी पुसलं. पुढची मी ओढली नाहीत, कात्रीने खिसे कापले. तरी काळा वरच्या प्लॅस्टिकला लागलेला होताच. सव्वीसपैकी सतरा चित्रं अशी गेली. काहींची झाडं राहिली आणि आभाळ गेलं, काहींचं सगळंच धुकट झालं.

ओरडायला घरात कोणी नव्हतं.

त्यानंतर तुमचा स्कॅनचा हट्ट झाला. "आजी, निदान स्कॅन तरी कर." आधी पुसट झालेल्यांपैकी एकावर करून बघू म्हणून मी निंबाचं झाड पुठ्ठ्यावर ठेवून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. दुकानदाराला म्हटलं, "हे उपडं ठेवायचं नाही, आणि झाकण दाबायचं नाही." तो म्हणाला, "मावशी, मशीनला तोंड खालीच असतं." आणि मी पर्स उघडेपर्यंत त्याने ते उपडं ठेवून झाकण दाबलंसुद्धा. स्कॅन बरा आला. पण झाडाचा शेंडा काचेवर राहिला. माझ्यामागे जामनेरकडचे एक शेतकरी उभे होते, बँकेत द्यायला सातबाऱ्याच्या प्रती काढायला आलेले. पहिलीच प्रत हातात घेऊन ते दुकानदाराला म्हणाले, "भाऊ, माझ्या गटात हे झाड कुठून आलं?" दुकानदार काच पुसायला लागला. मी घरी आले. त्या दिवसापासून स्कॅनचं नाव काढलं की मला ते शेतकरी आठवतात.

मग मी वाचायला बसले. इंग्रजीत या विषयावर पुष्कळ लिहिलेलं आहे. चित्रावर प्लॅस्टिक नको, काच हवी. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पोकळी हवी. साधा चिकटपट्टीचा टेप लावायचा नाही. गुंडाळायचं तर मुळीच नाही. गुंडाळलं की कागदावर कागद घासतो आणि पोहोचेपर्यंत टपालाच्या नळीत भुकटी उरते. हे सगळं मी मराठीत मुद्देवार लिहून काढलं, आठ मुद्दे झाले, आणि तो कागद घेऊन जुन्या बाजारातल्या फ्रेमवाल्या भाऊंकडे गेले.

भाऊंचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. दुकानात भिंतभर देव, मशिदीच्या तसबिरी, हार घातलेले आजोबा आणि लग्नातली जोडपी, सगळे एकमेकांना टेकून उभे. मी शाबूत राहिलेलं, दुसऱ्या एका विहिरीचं चित्र टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि खांद्यावरचं फडकं हातात घेतलं.

"मॅडम, हे काळं आधी पुसून घेऊ ना?"

मी चित्र मागे ओढलं. "भाऊ, ते काळं म्हणजेच चित्र आहे."

"अच्छा." त्यांनी वाकून पाहिलं. "लोक माझ्याकडे काळं काढायला आणतात. तुम्ही काळं ठेवायला आणलं."

मी आठ मुद्द्यांचा कागद पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घातली आणि काच कापायच्या हिऱ्याखाली ठेवला. "माझ्याकडे देव येतात, मेलेली माणसं येतात, नवरा-नवरी येतात. पण चिठ्ठी घेऊन अजून कोणी आलं नव्हतं," म्हणाले. मला राग आला. पण दुसरीकडे जाऊन काय मिळणार होतं? दुसरीकडे तर फ्रेम तयार मिळत होत्या, पुढे काचेऐवजी प्लॅस्टिक लावलेल्या.

काम मात्र त्यांनी चोख केलं. खोल पट्टी निवडली. काचेच्या आतल्या बाजूने, चारी कडांना, काडेपेटीच्या काडीएवढ्या लाकडी पट्ट्या लावल्या, म्हणजे काच चित्रापासून उचललेली राहील. हे माझ्या आठ मुद्द्यांत नव्हतं. मुद्द्यांत "पोकळी ठेवावी" एवढंच होतं. ती कशी ठेवावी हे लिहिणाऱ्यांनी लिहिलं नव्हतं किंवा मला कळलं नव्हतं.

एकच अडचण होती. फ्रेमचा मागचा पुठ्ठा लावायच्या आधी चित्रावरून फडकं फिरवायचं, ही त्यांच्या हाताची आयुष्यभराची सवय. काचेखाली एक केस राहिला तरी गिऱ्हाईक परत येतं. म्हणून मी दुकानात समोर स्टूल घेऊन बसायचे. त्यांचा हात खांद्याकडे गेला की म्हणायचे, "भाऊ." हात खाली यायचा. तिसऱ्या फ्रेमला त्यांनी फडकं काढून माझ्या हातात दिलं. "हे तुम्हीच धरा मॅडम. माझा हात माझं ऐकत नाही." उरलेल्या फ्रेमा होईपर्यंत मी रोज दुपारी त्यांचं फडकं मांडीवर घेऊन बसत होते. शेजारचा पानवाला विचारायचा, "चाचा, नवीन कारागीर ठेवली का?"

शाबूत राहिलेली नऊ चित्रं अशी फ्रेम झाली. शेवटचं बंद करताना भाऊ म्हणाले, "झाड आहे, विहीर आहे, बैल आहे. माणूस एकही नाही?"

"एक आहे," मी म्हटलं. "धुळ्याला."

ते एक म्हणजे तुमच्या पणजीचं, आबांच्या आईचं चित्र. आता तिच्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कशासाठी धावपळ करत होते ते कळेल.

पणजी रंगाने काळी होती. सावळी वगैरे नाही, काळी. आपल्याकडे लोक हे तोंडावर बोलतात आणि तिला ते आयुष्यभर ऐकावं लागलं. आमच्या लग्नात फोटोवाल्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि तिच्या चेहऱ्याला पावडर लावायला सांगितली, नाहीतर फोटोत डोळेच दिसतील, म्हणाला. सगळे हसले. तीही हसली. त्या फोटोत तिचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा आहे. त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाही. कोणी फोटो काढायला लागलं की मांडीवरचं काम घेऊन आत जायची.

आबांनी तिला एकदाच बसवलं. ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन दादर ज्वारी निवडताना. ती म्हणाली, "मना फोटो नको." आबा म्हणाले, "फोटो नाही आई, कोळसा आहे. याला तुझा रंग येतो." ती अशी हसली की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. ते चित्र सगळ्यांत काळं, सगळ्यांत गच्च. गालावरची हाडं, कपाळावरच्या आठ्या, तोंडात धरलेलं हसू, सगळं त्यात होतं. तिचा खरा चेहरा जगात त्या एका कागदावर होता.

आबा गेल्यावर अक्कांनी ते मागितलं. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, धुळ्याला लेकाकडे असतात. मी दिलं. त्यांची आई होती. आणि खरं सांगायचं तर सव्वीसच्या यादीत नसलेलं एक चित्र मार्गी लागलं म्हणून मला हायसंच वाटलं. अक्कांनी ते धुळ्यात गल्लीतल्या दुकानातून फ्रेम करून घेतलं, काच थेट कागदावर टेकवून. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं. ते उघडून, नीट पोकळी ठेवून पुन्हा बंद करायचं आणि मगच तुम्हाला कळवायचं, असं मी ठरवलं होतं. तुमच्यासाठी ठेवायचं ते हेच. विहिरी काय, पुष्कळ आहेत.

एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला गेले. सोबत मोठा पुठ्ठा आणि जुनं मऊ धोतर घेतलं होतं, येताना फ्रेम मांडीवर आडवी ठेवता यावी म्हणून.

अक्का शहाऐंशीच्या आहेत. कान तेज, जीभ त्याहून तेज. पाणी दिलं, जळगावची केळी नीट पिकलेली नाहीत म्हणून नावं ठेवली, मग मी भिंतीकडे गेले. काचेवर कुंकवाचा टिळा, चंदनी हार. मला वाटलं खिडकीचा उजेड काचेवर पडला असेल, म्हणून चेहरा दिसत नाही. मी बाजूला सरकले. तरी दिसेना. जवळ गेले.

"अक्का, हे काय झालं?"

"काय व्हयनं?"

"आईंचा चेहरा."

"उजयना ना?" अक्का खाटेवरून हसल्या. त्यांच्या अहिराणीत ळ चा य होतो, उजयना म्हणजे उजळला. "देख वं, आते कशी उजयनी माय."

मग त्यांनी सांगितलं. आखाजी जवळ आली होती. तुम्ही शहरी मुलं तिला अक्षय्य तृतीया म्हणता. आपल्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात आणि गेलेल्यांची तसबीर घागरीजवळ मांडतात. अक्कांनी तसबीर खाली काढली तर काचेच्या तळाशी आत काळी भुकटी साठलेली. आईच्या तसबिरीत काजळी, आणि सण तोंडावर. त्यांनी नातवाला घेऊन फ्रेम दुकानात नेली, उघडायला लावली, आणि दुकानदाराच्या हाताचा भरवसा नाही म्हणून स्वतः पुसली. मलमलच्या फडक्याने, हलक्या हाताने, चेहऱ्यापासून सुरुवात करून.

"किती कायं निंघनं वं," त्या म्हणाल्या. "फडकं बठ्ठं कायं व्हई गयं."

माझ्या तोंडून निघालं, "ते फडकं कुठे आहे?"

"धुई टाकं. कसाले पाहिजे तुले फडकं?"

 मी खुर्चीवर बसले. त्यांना काहीतरी चुकलंय असं वाटायला लागलं होतं, आणि चूक वाटली की अक्का आवाज चढवतात. "तूच दिधं ना मले ठेवाले? मंग आते फौजदारसारखी कसाले इचारस? तुना इंग्रजी पुस्तकमा लिखेल व्हई, पुसू नको. मले कोन सांगं?"

कोणीच सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. मला कळल्यावर दोन महिने मी फ्रेमच्या दुकानात बसून होते. एक फोन करून "अक्का, चित्र उघडू नका" एवढं सांगायचं राहिलं. सगळं आधी नीट करून मग सांगायचं, ही माझी पद्धत.

मी त्यांना समजावलं. कोळसा म्हणजे काय, पुसलं म्हणजे काय होतं. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "जलमभर लोक तिले काई काई करेत. आते तरी गोरी दिसू दे."

काई म्हणजे काळी. ज्या एका कागदावर ती तिच्या रंगाची होती, तिथून तो रंग त्यांनी मायेने काढला होता. मला राग आला होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती. शहाऐंशी वर्षांच्या बाईवर ओरडायचं, आईची तसबीर स्वच्छ केली म्हणून? आबांवर, त्यांनी फवारा मारला नाही म्हणून? माझ्यावर ओरडायला तर मी एकटीच होते, आणि ते मी येताना पारोळ्यापासून जळगावपर्यंत केलंच.

चित्र मात्र अक्कांनी द्यायला वेळ लावला. "कसाले नेस? आनखी काय करशी?" शेवटी नातसुनेने समजूत घातली. निघताना अक्कांनी बजावलं, "पुढली आखाजीले परत पाहिजे. घागर मी तिनाबिगर नही भरनार." मी हो म्हटलं.

भाऊंनी दुकानात फ्रेम उघडली. त्या दिवशी त्यांनी फडकं खांद्यावर घेतलंच नव्हतं. कागद टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा लावला. मग बोटाने, न टेकवता, दाखवायला लागले. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली चारी बाजूंची बोटभर कडा जशीच्या तशी काळी होती. आणि खालचा भाग, सूप आणि हात, जवळजवळ पूर्ण.

"हे कसं राहिलं?" मी विचारलं.

"पुसणाऱ्याचा हात तोंडावर फिरतो, मॅडम. देवाच्या तसबिरी येतात ना माझ्याकडे, त्याही तशाच. पुसून पुसून तोंड झिजतं. पायाकडे कोणी जात नाही." मग हळूच म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक पेंटर आहे. जुने फोटो भरून देतो. चेहरा काढून देईल."

"त्याने बघितलाय का चेहरा?"

"तुम्ही सांगा, तो काढेल."

मी नाही म्हटलं नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू? दोन दिवस चित्र माझ्या टेबलावर उघडं होतं, पंखा बंद करून मी समोर बसायचे आणि मनात सांगून बघायचे. गाल असा होता. नाक बसकं, पण फार नाही. डोळे. डोळ्यांशी आले की माझं अडायचं. चाळीस वर्षं रोज बघितलेली बाई, आणि तिची डावी भुवई वर होती की उजवी, हे मला सांगता येईना. ते आबांना माहीत होतं, म्हणून त्यांनी काढून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात धाकट्याने मी पाठवलेल्या या पुसलेल्या चित्राच्या फोटोवरून कॉम्प्युटरकडून चेहरा करून घेतला आणि मला पाठवला. बाळा, तू मदत म्हणून केलंस, मला माहीत आहे. म्हणून रागावले नाही, पण फोन उलटा करून ठेवला. एक गोरीपान म्हातारी, बत्तीस दात दाखवत हसणारी. चांगली बाई दिसते. कोणाची तरी आजी असेल. आपल्या पणजीला तेव्हा सहा दात होते आणि ती तोंड मिटून हसायची.

ते बघितल्यावर मी भाऊंना जाऊन सांगितलं, पेंटर नको. आहे तसं बंद करा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, लोक विचारतील, अर्धं का आहे."

"विचारू दे. सांगेन."

त्यांनी जुन्यापेक्षा अरुंद कडेची पट्टी घेतली, म्हणजे झाकलेली काळी कडाही दिसेल. पोकळी नेहमीपेक्षा जास्त ठेवली. मागच्या पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: उघडू नये, पुसू नये, काच ओल्या फडक्याने पुसू नये. अक्कांना वाचता येतं. पुढच्या आखाजीला मी स्वतः चित्र घेऊन जाईन, घागर भरली की परत आणीन. त्यांच्यानंतर आणि माझ्यानंतर ते कोणाकडे जायचं, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. पण इथे येऊन, मांडीवर आडवं ठेवून न्यायची तयारी असेल तरच.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की गुंडाळून मी काहीही पाठवणार नाही. तुमच्या आईने विकत घेतलेली नळी दुसऱ्या कशाला तरी वापरा. नऊ फ्रेमा जळगावला माझ्या खोलीत, उन्हाच्या समोरची भिंत सोडून लावल्या आहेत. पुसट झालेली सतरा मी टाकलेली नाहीत. ती कागदात घालून सपाट पेटीत ठेवली आहेत, आणि यादीत प्रत्येकासमोर त्यात काय उरलंय ते लिहिलं आहे.

पणजीच्या चित्रासमोर हे लिहिलं आहे: सूप पूर्ण. सुपातले दाणे पूर्ण. दोन्ही हात, मनगटातल्या बांगड्यांपर्यंत, मूळ काळ्या रंगात. पदराची उजवी कडा. चेहऱ्याच्या जागी करडा कागद. उजेड बाजूने आला तर हनुवटीची रेघ आणि एका कानाची पाळी दिसते.